झाडीपट्टीचा सीझन: वडशातल्या कंपन्यांत निवड कशी होते, तयारी काय करायची?

नागपुरी_पडदा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वय २६, मुक्काम नागपूर. हौशी रंगभूमीवर पाच वर्षं काम, त्यात राज्य नाट्य स्पर्धेची चार नाटकं. गाणं जेमतेम सुरात. यंदा झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, नाटकांचा पूर्ण सीझन करायचं पक्कं केलंय, भाऊबीज ते होळी. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या कलाकार कसे घेतात हे ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. कोणी म्हणतं ओळख लागते, कोणी म्हणतं नुसतं जाऊन उभं राहा, कोणी म्हणतं व्हिडिओ पाठव.

जायचं कधी, भेटायचं कोणाला? तिथे काय करून दाखवायला लावतात? गाणं किती यायला हवं? आणि नाईट (एका प्रयोगाचे पैसे) ठरवताना बाईमाणसाने काय काय आधीच बोलून घ्यावं? धीर देणारे सल्ले नकोत, कामाचं सांगा.

वैनगंगाकाठ

ताई, आधी ‘ऑडिशन’ हा शब्द बाजूला ठेवा. तारीख जाहीर करून, नंबर लावून वडशात कोणी निवड करत नाही. इथे मालक संच जुळवतो. बहुतेक कंपन्यांत मालक हाच लेखक नाहीतर दिग्दर्शक असतो आणि वर स्वतः एक भूमिकाही करतो. त्यामुळे भेटायचं त्यालाच. ऑफिसात बसलेला व्यवस्थापक नाव लिहून घेईल, पण हो म्हणायचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

वेळेचं गणित असं. पोळा झाला की हालचाल सुरू होते. घटस्थापनेपर्यंत नायक, नायिका, खलनायक, विनोदी जोडी ही मोठी नावं ठरतात, कारण दसऱ्याच्या सुमारास फोटोसकट हँडबिलं छापायला जातात. गावोगावची मंडळं वडशात येऊन, पाट्या बघत एकेका ऑफिसात बसून बुकिंग करतात, तेव्हा त्यांच्या हातात ते हँडबिल पडायला हवं. दिवाळीत जाऊन ‘काही काम आहे का’ विचारणाऱ्याला म्हणूनच ‘पुढच्या वर्षी या’ ऐकायला मिळतं. तुम्ही पोळा ते गणपती या दिवसांत एकदा आणि घटस्थापनेच्या आधी दुसऱ्यांदा जा. दुसरी फेरी महत्त्वाची. पहिल्या फेरीत मालकाचा संच त्यालाच माहीत नसतो.

आणखी एक दार मधेच उघडतं. जानेवारीत घसा बसून, आजारपणाने किंवा भांडून माणसं गळतात. तेव्हा ‘आज रात्री उभी राहशील का?’ असा फोन येतो. संहिता हातात पडते दुपारी. प्रयोग रात्री दहाला. या फोनला हो म्हणता येईल एवढी तयारी ज्यांची असते, त्यांना पुढच्या सीझनला मागायला जावं लागत नाही.

संचात रंगमंचावर साधारण दहा ते चौदा माणसं. नवीन मुलीला पहिल्या वर्षी नायिका मिळत नाही असं नाही, पण मालकाच्या डोक्यात हिशेब साधा असतो: हा फोटो बघून गावचं मंडळ बुकिंग करेल का? म्हणून तुम्ही नायिकेची मैत्रीण, नायकाची बहीण, दुसरी जोडी हे मागा. या भूमिका अंगावर घ्यायला माणसं कमी आणि गरज प्रत्येक नाटकात.

धानाकडेही लक्ष ठेवा. हा सीझन भातकापणीला बांधलेला आहे. धान घरात आलं की मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, पैसा येतो. परतीचा पाऊस लांबला किंवा मावा-तुडतुड्याने पीक खाल्लं, की बुकिंगं घटतात आणि मालक संच लहान करतो. पहिली कात्री दुय्यम भूमिकांवर चालते. तेव्हा पीकपाण्याची चौकशी करणं हाही तयारीचाच भाग समजा.

पोचायला: नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी या रस्त्याने एसटी आहे. रेल्वेने यायचं तर गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन. गावाचं कागदोपत्री नाव देसाईगंज, फलक वाचताना गोंधळू नका. सीझन चालू असताना सकाळी कोणालाही भेटायला जाऊ नका. रात्रभराचा प्रयोग करून गाडी उजाडल्यावर परतते आणि दुपारपर्यंत ऑफिसं झोपलेली असतात.

प्रॉम्प्टबुक

करून काय दाखवायला लावतात, ते सांगतो. स्पर्धेतला चार मिनिटांचा स्वगताचा उतारा बहुतेक ठिकाणी कोणी पूर्ण ऐकत नाही. तो घेऊन जाच, पण दीड मिनिटाचा करून. खरी परीक्षा नंतर असते. मालक कपाटातून एखादी जुनी संहिता काढतो, पान उघडतो, कोणालातरी वाचायला बसवतो आणि म्हणतो, ‘घ्या.’ म्हणजे तो वाचेल आणि तुम्ही लगेच, भावनेसकट, हातवाऱ्यांसकट म्हणायचं.

स्पर्धेतून आलेले इथे अडकतात. तिकडे दीड-दोन महिने तालीम करून शब्द न् शब्द पाठ असतो. झाडीपट्टीत प्रयोग पाच-सहा तासांचा, तालमीचे दिवस थोडके, आणि एकच कलाकार सीझनमध्ये दोन-तीन नाटकं करत असतो. विंगेतून संवाद वाचून देणारा प्रॉम्प्टर म्हणजे कमीपणा नव्हे, ती कामाची पद्धत आहे. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पाच हजार प्रयोग आणि आठशे भूमिका हा आकडा सगळीकडे छापून आला होता. आठशे भूमिका घोकंपट्टीने होतात का, तुम्हीच विचार करा.

प्रॉम्प्ट उचलताना नेमकं चुकतं काय:

पूर्ण वाक्य येईपर्यंत थांबणं. मग दोन वाक्यांमध्ये भोक पडतं आणि प्रॉम्प्टरचा आवाज त्या भोकातून माईकवर जातो. पहिले तीन-चार शब्द कानावर आले की तोंड उघडायचं, उरलेले तो पुढे सरकवत राहतो. तुम्ही पहिलं वाक्य बोलत असता तेव्हा कान दुसऱ्या वाक्यावर हवा.

नजर विंगेत जाणं. प्रेक्षकांना लगेच कळतं. कान विंगेकडे, डोळे समोरच्या पात्राकडे.

दुसऱ्याचं वाक्य उचलणं. प्रॉम्प्टर पात्राचं नाव घेत नाही, सलग वाचतो. प्रवेशात आपण कोणाशी बोलतोय आणि आपल्याला काय हवंय हे स्पष्ट नसेल तर दोघंही एकदम बोलतात.

घरचा सराव: कोणालातरी दहा-बारा फुटांवर बाजूला बसवा, पंखा पूर्ण वेगात, मोबाईलवर गाणी चालू. त्याने तुम्ही आधी न ऐकलेली संहिता सपाट सुरात वाचायची, तुम्ही अभिनयासह बोलायचं. रोज अर्धा तास, पंधरा दिवस. पहिले चार दिवस फार वाईट जातात. नंतर कान उघडतो.

दुसरी गोष्ट आवाज. हजारोंचा जमाव, कनातींचा मंडप, आणि संवाद पोचतात ते पुढे टांगलेल्या माईकवरून. कॉलर माईकच्या सवयीने पाठ फिरवून बोललात की वाक्य गेलं. आणि माईक टांगलेला असला तरी कुजबुज चालत नाही. पण ओरडणंही नको, कारण पाच तास आहेत. मालक ऐकतात ते वाक्याचं शेपूट. मराठीत क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही नंतर. ‘मी त्याला मारलं नाही’ मधला ‘नाही’ गिळला की मागच्या रांगेसाठी तुम्ही खुनी. शहरी नटांचा आवाज वाक्याच्या शेवटी पडतो. तेवढं एक सुधारून गेलात तरी फरक दिसेल.

काळी_चार

गाण्याबद्दल. नाटकात गाणी असतात आणि साथ समोर जिवंत असते: ऑर्गन, तबला, पॅड. नायिका आणि विनोदी स्त्री भूमिकेला गाणं जवळपास सक्तीचं. बहीण, आई, मैत्रीण यांना नसलं तरी चालतं. ‘जेमतेम सुरात’ म्हणताय तर खरं तेच सांगा. खोटं सांगितलंत तर ऑर्गनवाला अर्ध्या मिनिटात ओळखतो.

जायच्या आधी आपली पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कोणत्या सुराला सा धरून गाता ते, शोधून ठेवा. बायकांचा आवाज साधारण काळी तीन ते काळी पाचमध्ये बसतो, पुरुषांचा काळी एक-दोनच्या आसपास. पेटीवर सा धरा, खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातला प) आणि वर तार मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातला म) न ताणता जाता आलं, तर ती तुमची पट्टी. वर पोचताना गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या तर अर्धा सूर खाली या. मालकासमोर ‘माझी काळी चार’ एवढं म्हणता आलं तरी ऑर्गनवाला तुमच्या बाजूने होतो.

नेहमीची चूक म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या पट्टीत गायला जाणं आणि मोबाईलवर कराओके लावणं. कराओके तुमच्यासाठी थांबत नाही. रंगमंचावर मात्र पेटीवाल्याला तुमच्यासाठी थांबावं लागतं आणि तुम्हाला त्याच्यासाठी. तेच तर तपासायचं असतं. दोन गाणी तयार ठेवा, एक संथ दुःखाचं, एक ठेक्याचं. मुखडा आणि एकच अंतरा, दोन्ही मिळून तीन मिनिटं. अंतऱ्यावरून मुखड्यावर परत येताना सम (तालाची पहिली मात्रा) चुकते, तिथे टाळी देत घोटून घ्या. शब्द ठसठशीत हवेत. झाडीपट्टीचा प्रेक्षक हरकती माफ करतो, न समजलेला शब्द करत नाही.

नाच येत असेल तर स्वतःहून सांगा, आणि लावणीसाठी वेगळी नर्तकी आहे का तेही विचारून घ्या. नसेल, तर ‘एक गाणं कराल ना?’ हे वाक्य तिसऱ्या प्रयोगाला येतं आणि तेव्हा नाही म्हणणं जड जातं.

हिशेबवही

आता व्यवहार. आकडा मी लिहीत नाही. भूमिका, कंपनी आणि नाव यावर तो इतका बदलतो की इथे लिहिलेला कोणताही आकडा तुम्हाला फसवेल. त्याच गावात, तशाच भूमिकेत असलेल्या तीन बायकांना विचारा. हे कोणी लपवत नाही.

पैसे नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक. तेव्हा महत्त्वाचा प्रश्न ‘नाईटला किती’ हा नाही. ‘सीझनला किमान किती नाईट’ हा आहे. जास्त दराच्या पण तीस प्रयोगांच्या कंपनीपेक्षा कमी दराची आणि सत्तर प्रयोगांची कंपनी परवडते, हे कागदावर गुणाकार केल्यावरच दिसतं. किमान आकडा लिहून द्यायला मालक सहसा तयार नसतो. पण दसऱ्यानंतर बुकिंगची वही उघडी असते, ती बघायला मागण्यात गैर काही नाही.

पुढचं सगळं होकाराच्या आधी बोलायचं. नंतर बोललेलं भांडण ठरतं.

पाऊस आला किंवा गावात मयत झाली आणि प्रयोग थांबला तर त्या रात्रीचं काय? गाडी वडशातून निघाल्यावर रद्द झाला तर काय, आणि अर्ध्यावर थांबला तर काय? तिन्ही वेगळे प्रश्न आहेत, तिन्हींची उत्तरं वेगळी घ्या.

उचल घ्यायची का? घेतली की तुम्ही त्या संचाला बांधल्या गेलात. मधेच सोडलंत तर ती परत करावी लागते, आणि वडसा लहान गाव आहे, दुसऱ्या ऑफिसात तुमच्याआधी बातमी पोचलेली असते. राहण्या-खाण्याच्या सोयीपुरती घ्या, त्याहून जास्त नको.

उरलेले पैसे कधी? ‘होळीला सगळं चुकतं करू’ हे मान्य करू नका. दर दहा नाईटला हिशेब, असं ठरवा. बाकी थकते ती नेहमी शेवटच्या पंधरवड्याची, कारण तेव्हा मालकाला तुमची गरज संपत आलेली असते. वहीत तारीख, गाव, नाटक, मिळालेली रक्कम आणि समोरच्याची सही. मोबाईलमधली नोंद भांडणात कोणी धरत नाही.

साड्या, दागिने, विग कोणाचं? ऐतिहासिक नाटकाचा कपडेपट कंपनी देते, पण सामाजिक नाटकाच्या साड्या बहुधा ज्याच्या त्याच्या. पाच-सहा तासांत सहा-सात बदल असतात. हा खर्च नाईटमधून वजा करून बघा.

आणि तुम्ही विचारलंत म्हणून: संचात आणखी किती बायका आहेत, वडशात खोली कोणाबरोबर, परतीच्या गाडीत जागा ठरलेली आहे का, गावात कपडे बदलायची आणि संडास-बाथरूमची सोय काय? स्टेजमागे कनात ताणून केलेला रंगपट असतो, त्याला बायकांसाठी वेगळा आडोसा आहे का ते विचारा. चांगला मालक ‘शेजारच्या घरात सांगून ठेवतो’ असं लगेच म्हणतो. जो ‘बघू, होऊन जाते’ म्हणतो, त्याच्या संचातल्या एखाद्या अभिनेत्रीशी बोलल्याशिवाय होकार देऊ नका.

तिसरी_घंटा

वर सगळं बरोबर आहे, फक्त व्हिडिओचं कोणी बोललं नाही. व्हिडिओने निवड होत नाही, पण भेट मिळते. एक मिनिटाचा पुरे. मोबाईल आडवा, कंबरेपासून वर, मागे साधी भिंत. संगीत नको, कापाकापी नको, फिल्टर तर नकोच नको. आधी नाव, उंची, पट्टी, मग चाळीस सेकंद संवाद.

फोटोकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. तो हँडबिलावर आणि फ्लेक्सवर जाणार आहे, एकेक चेहरा दोन-दोन फुटांचा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की तो दाबला जातो आणि फ्लेक्सवर चेहऱ्याचे चौकोन दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन हवेत: नऊवारी किंवा साडीत समोरून, साध्या ड्रेसमध्ये हसरा, आणि एक पूर्ण उभा. काळा चष्मा, झाडाला टेकून वगैरे काही नको.

प्रॉम्प्टबुक यांच्या एका मुद्द्याशी थोडा मतभेद. प्रॉम्प्टर आहे म्हणून पाठांतर सोडू नका. स्वगत, गाण्याच्या आधीचं वाक्य आणि प्रवेशाचं शेवटचं वाक्य पाठच हवं. शेवटच्या वाक्यावर पडदा पडतो, तिथे प्रॉम्प्टची वाट बघितली तर टाळी गेली.

नागपुरी_पडदा

सगळ्यांचे आभार, पान छापून घेतलंय. दोन शंका. विनोदी प्रवेशात झाडीबोली लागते असं ऐकलं. मला बोलता येत नाही, नुसती कळते. आणि नोव्हेंबरात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असते, आमच्या संस्थेने माझं नाव धरलंय. दोन्ही जमेल का?

वैनगंगाकाठ

बोलीचं आधी. मुख्य पात्रं प्रमाण मराठीच बोलतात. झाडीबोली असते विनोदी जोडीकडे, गावच्या म्हाताऱ्याकडे. येत नसेल तर नक्कल करू नका. नागपुरी बोलून झाडी बोलल्याचा आव आणला की पहिल्या दोन वाक्यांत पुढची रांग हसते, आणि ते हसू विनोदाला नसतं. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ केला, डोळ्याला डोरा म्हटलं, की झाली बोली असं शहरात वाटतं. पण खरी बोली हेलात आहे. महिनाभर वडशात राहून बाजारात ऐकत बसा, मग एखादं वाक्य टाकून बघा.

स्पर्धेचं मात्र स्पष्ट सांगतो. भाऊबीजेनंतरचे पहिले तीन आठवडे म्हणजे मंडईचा जोर, रोज वेगळं गाव. त्यात एक रात्र मागणं म्हणजे सगळा संच घरी बसवणं, कारण तुमच्या जागी उभं राहायला पर्यायी नट ठेवलेला नसतो. स्पर्धेच्या तालमी धरल्या तर प्रश्न एका रात्रीचा राहतच नाही. नाटक करायचंच असेल तर पहिल्याच भेटीत तारीख सांगा. मालकाने ती रात्र वहीत कोरी ठेवली तर ठीक. नाही ठेवली, तर संस्थेला आत्ताच कळवा, त्यांना दुसरी मुलगी तयार करायला दोन महिने मिळतील.

हिशेबवही

आणि कोरी रात्र ठेवली तर त्या तारखेसमोर मालकाची सही घ्या. मंडळवाले बुकिंगला येतात तेव्हा त्यांना तीच तारीख हवी असते.